तापाचे शब्द

स्मरणिकेसाठी 'शाळेने मला काय दिले' या विषयावर लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले. या विषयावर माजी विद्यार्थी काय लिहितात, हे मला ठाऊक आहे. पहाटेची वंदना, स्वतःचे ताट स्वतः घासण्याची सवय, रात्रीचा अभ्यास, आयुष्यभराचे मित्र. ते सारे खरे आहे आणि मीही तेच लिहिले असते. परंतु गेल्या पावसाळ्यात कर्वेनगरात, आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एक प्रसंग घडला आणि त्याने मला आपल्या शाळेतील एका रात्रीपर्यंत परत नेले. म्हणून हा लेख मी स्पॅनिश भाषेतील तापाच्या शब्दांविषयी लिहीत आहे. वाचकांना प्रथम हे विचित्र वाटेल. पण लेख शाळेविषयीच आहे, हे शेवटपर्यंत वाचल्यास पटेल, अशी आशा आहे.

कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर, हिंगण्याच्या माळावर आणला. त्या दिवसांतील त्यांची झोपडी संस्थेच्या आवारात आजही जपून ठेवली आहे. तो माळ आता शहराच्या पोटात आला आहे आणि गावोगावच्या मुली तेथे शिकायला येतात. माझी मुलगीही तेथेच अभियांत्रिकी शिकते. मी जवळच्या एका लहानशा दवाखान्यात परिचारिका आहे.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मराठी अभियंता आणि त्याची मेक्सिकन पत्नी राहतात. त्या बाई संध्याकाळी घरच्या बैठकीत महाविद्यालयातील मुलामुलींना स्पॅनिश शिकवितात. पुण्यात परकीय भाषा शिकणे ही काही नवलाई नाही. जर्मन, जपानी, फ्रेंच शिकणारे प्रत्येक गल्लीत सापडतील. माझ्या मुलीने नाव घातले. मी पहिल्या दिवशी तिच्या सोबतीला गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःची वही घेऊन जाऊ लागले.

दवाखान्यातील सहकारी हसल्या. "तुम्हाला आता या वयात मेक्सिकोला जायचंय का?" असे एकीने विचारले. उत्तर मला सुचले नाही. पण घरी आल्यावर आपल्या वाचनालयातील बाबासाहेबांचे चरित्र आठवले. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे त्याच विद्यार्थ्याने संस्कृत स्वतः अभ्यासिले आणि पाली भाषेचे व्याकरण व शब्दकोश यांवर परिश्रम घेतले. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षर शिकण्यासाठी परवानगी मागावी लागली, त्यांनी एखादी भाषा कशासाठी शिकतो याचे कारण कुणाला देत बसू नये, असे मी मनाशी ठरविले.

प्रत्येकाने आपल्या कामाचे दहा शब्द विचारून घ्यावेत, असे बाईंनी एकदा सांगितले. मुलांनी संगणकाचे आणि खाण्यापिण्याचे शब्द मागितले. मी तापाचे मागितले. बाई हसल्या, मग खडू घेऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि पुढचा तास संपेपर्यंत आम्ही दुसरे काहीच केले नाही.

तापाला स्पॅनिशमध्ये 'फिएब्रे' म्हणतात. थंडीला 'फ्रीओ', उष्म्याला 'कालोर', घामाला 'सुदोर', हुडहुडीला 'एस्कालोफ्रीओस'. कोमट पाणी म्हणजे 'आग्वा तिबिया'. हवा थंड असेल तर 'ती थंडी करते' अशा अर्थाचे क्रियापद लागते, वस्तू थंड असेल तर 'ती थंड आहे' असे म्हणायचे, आणि माणसाला थंडी वाजत असेल तर 'तेंगो फ्रीओ', म्हणजे 'माझ्याजवळ थंडी आहे', असे म्हणायचे. या तीन क्रियापदांची गल्लत झाली तर अर्थाचा अनर्थ होतो. उकडत असताना 'मी गरम आहे' असे शब्दशः बोलणाऱ्याच्या वाक्याला तिकडे भलताच अर्थ येतो, हे बाईंनी आवाज खाली आणून सांगितले आणि मुलांना तेवढेच वाक्य कायमचे पाठ झाले.

माझी खरी अडचण आकड्यांची होती. आपण हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये सांगतो आणि अंगातला ताप फॅरेनहाइटमध्ये. दवाखान्यात शंभर म्हटले की ताप, एकशे दोन म्हटले की काळजी. स्पॅनिश बोलणारे लोक दोन्ही सेल्सिअसमध्ये मोजतात. त्यामुळे मला वहीच्या मागच्या पानावर तक्ता करावा लागला: ९८.६ म्हणजे ३७, १००.४ म्हणजे ३८, १०२.२ म्हणजे ३९, १०४ म्हणजे ४०. एप्रिलमधील दुपारी पुण्याचा पारा ३९ वर गेला की आपण पंखा लावतो; तोच ३९ चा आकडा माणसाच्या अंगात शिरला की घरदार जागे राहते.

काही शब्द मात्र अनोळखी वाटलेच नाहीत. औषधाच्या गोड द्रवाला ते 'हाराबे' म्हणतात. तो शब्द अरबीतून तिकडे गेला, आणि त्याच अरबी मुळातून आपल्याकडे 'सरबत' आले. साबणाला 'हाबोन', अंग पुसायच्या कापडाला 'तोआया'. आमची आजी टॉवेलला 'टुवाल' म्हणत असे आणि आम्ही तिला हसत असू. तो पोर्तुगीजांकडून आलेला शब्द होता आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. साबण, टुवाल, सरबत: तापलेल्या माणसाच्या उशाशी जे जे लागते त्यांतील निम्मे शब्द समुद्र ओलांडून आधीच आपल्या घरात आले होते. आणि एक शब्द तर माझ्या वडिलांनाही ठाऊक होता. आम्ही बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जाणारे लोक. पाऊस लांबला की गावात 'एल निनो'चे नाव निघे. तो मूळ उच्चार 'एल निन्यो', अर्थ 'लहान मुलगा', म्हणजे बाळ येशू. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार सागरी प्रवाहाला ते नाव दिले. त्या दूरच्या समुद्राचे अंग तापले की बऱ्याचदा आमच्या शिवारातला पाऊस रोडावतो. माझे वडील पाचवीपर्यंतही शिकले नव्हते. पण समुद्राच्या तापाचा एक स्पॅनिश शब्द त्यांच्या तोंडी होता.

एका तासाला मी बाईंना अभिमानाने सांगितले की आमच्या मराठीत ताप 'येतो'. तो चढतो, भरतो, उतरतो, मुरतो, निघून जातो, पाहुण्यासारखा वागतो. तुमच्या भाषेत मात्र माणूस ताप 'बाळगतो'. शाळेत गुरुजी आनापान शिकविताना सांगत की वेदना येते, राहते, जाते. तिला 'माझी' म्हणू नका. आमच्या भाषेलाच हे कळलेले आहे, असे मला वाटले होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि फळ्यावर लिहिले: 'मे दिओ फिएब्रे', म्हणजे 'मला ताप दिला गेला', 'मला ताप आला'. त्यांच्याकडेही ताप चढतो आणि उतरतो. 'मे द्वेले ला काबेसा' हे तर थेट 'मला डोके दुखते' अशाच बांधणीचे आहे. मी वहीत लिहून घेतले आणि गप्प बसले. दुखणे सोसणारी माणसे सगळीकडे सारखीच बोलतात, हे मला एव्हाना कळायला हवे होते.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक प्रयोग सांगितला. अंगात अगदी थोडा ताप असेल तर स्पेनमधील लोक म्हणतात, 'तेंगो उनास देसिमास', म्हणजे 'माझ्याजवळ काही दशांश आहेत'. तापमापीवर ३७ च्या पुढे सरकलेले ते दोनचार दशांश. मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या शब्दाचा जुळा भाऊ मला एकदम आठवला: 'कसर'.

पाचवीत मी आपल्या शाळेत आले. दसरा झाल्यावर आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेले. आता उन्हाळ्यापर्यंत भेट नाही, हे मला माहीत होते. दिवाळीनंतर एके दिवशी सकाळपासून अंग मोडून आले. आमच्या वसतिगृहावर त्याच महिन्यात नव्या ताई आल्या होत्या. त्या मोठ्या शहरातल्या, बोलणे शुद्ध. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "ताई, अंगात कसर हाय." ताईंनी विचारले, "कसर? कशात कसर राहिली? जेवण कमी पडलं का?" मी मान हलवून परत आले. आमच्याकडे अंगात बारीक ताप असणे म्हणजे कसर असणे. ताईंना कसर म्हणजे उणीव एवढेच ठाऊक होते. त्यांचे काही चुकले नव्हते. पण दहा वर्षांच्या मुलीला वाटले की आपला शब्द येथे चालत नाही. मी पुन्हा काही बोलले नाही आणि पांघरूण घेऊन कोपऱ्यात पडून राहिले.

रात्रीच्या हजेरीला माझा आवाज आला नाही. ताई कंदील घेऊन शोधत आल्या. त्यांनी काही विचारले नाही. हाताची पालथी बाजू माझ्या मानेला लावली आणि ती चटकन मागे घेतली. पुढचे मला तुटक तुटक आठवते. बादलीतले पाणी, कपाळावरची पट्टी, ती पिळताना होणारा आवाज, आणि मला ज्याची खात्री नव्हती ते माणूस पहाटेपर्यंत उशाशी बसून राहिलेले. उजाडल्यावर डॉक्टर आले. हिवताप निघाला.

चार दिवसांनी मी उठून बसले, तेव्हा ताई एक कोरी वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "कसर म्हणजे काय, ते मला नीट शिकव. तुमच्याकडं आजाराला आणखी काय काय म्हणतात?" मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. कसर, कणकण, कसकस, हीव भरणे. मग त्यांनी इतर मुलींनाही बोलाविले. कुणी विदर्भातली, कुणी खानदेशातली, कुणी पालावरून आलेली. प्रत्येकीने आपल्या घरचा शब्द दिला. आम्हाला शिकविणारी व्यक्ती आमच्याकडून शिकते आहे, हे मी आयुष्यात प्रथमच पाहत होते. माझ्या तोंडचा शब्द कुणीतरी शाईने लिहून घेतला, तोही पहिल्यांदाच.

त्याच आठवड्यात गुरुजींनी सायंवंदनेनंतर आजारी भिक्खूची गोष्ट सांगितली. ती आपल्या सर्वांना पाठ आहे. पोटाच्या विकाराने पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मळमूत्रात लोळत होता आणि त्याच्याजवळ कुणी नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. त्यांनी आधी विचारले, तुला काय होते आहे? मग विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कुणी आहे का? आनंदाने पाणी आणले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे त्यांनी संघाला सांगितले. लहानपणी मला त्यातले पाणी ओतणे लक्षात राहिले. परिचारिका झाल्यावर लक्षात आले की पाण्याच्या आधी दोन प्रश्न आहेत.

आता दुसऱ्या मजल्यावरील प्रसंग. श्रावणात बाईंच्या आई मेक्सिकोहून आल्या. वय सत्तरीच्या पुढचे, स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नाही. एके दिवशी बाई आणि त्यांचे यजमान कामासाठी मुंबईला गेले आणि परतताना पावसामुळे घाटात अडकले. रात्री नऊच्या सुमारास बाईंचा फोन आला: "आई फोन उचलत नाही. जरा बघाल का?" त्यांनी शेजारी किल्ली ठेवलेली होती. मी वर गेले.

आजी पलंगावर गुरफटून पडल्या होत्या. मला पाहून पुटपुटल्या, "तेंगो कालेंतुरा." मी 'फिएब्रे' शिकले होते, हा शब्द माझ्या वहीत नव्हता. 'कालिएंते' म्हणजे गरम, एवढे माहीत होते. त्यावरून मी ताडले की यांना काहीतरी गरम हवे आहे. धावत जाऊन पाणी ऊन केले आणि पेला पुढे धरला. त्यांनी तो दूर सारला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. मी फोनमधील भाषांतराची सोय सुरू केली. त्यांच्या पुटपुटण्यातून तिने भलतेच काही ऐकले. तिसऱ्या वेळी आजींनी वाक्य म्हटले नाही. त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला.

कपाळ भाजत होते. मला स्वतःची लाज वाटली. पंचवीस वर्षे परिचारिका असून मी शब्दामागे धावले आणि हात खिशात राहिला. मेक्सिकोत साधी माणसे तापाला 'कालेंतुरा'च म्हणतात. 'फिएब्रे' हा डॉक्टरांच्या आणि पुस्तकांच्या तोंडी अधिक असतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. ताईंना माझी कसर कळली नव्हती, तशीच मला आजींची कालेंतुरा कळली नाही.

तापमापी लावली. आजींनी किती म्हणून विचारले. मी सवयीने म्हणाले, "सिएंतो दोस", एकशे दोन. त्यांचे डोळे विस्फारले. सेल्सिअसमध्ये एकशे दोन म्हणजे पाणी उकळण्याच्याही पलीकडे! मग मला तक्ता आठवला. "त्रेंता इ न्वेवे," मी घाईने म्हणाले. एकोणचाळीस. तशा तापातही आजी हसल्या.

हाताने ताप कळला होता. पण पुढचे हाताला कळण्यासारखे नव्हते. ताप केव्हापासून आहे? "देस्दे क्वांदो?" त्या म्हणाल्या, "आंतिएर." हाही शब्द नवा. त्यांनी दोन बोटे दाखविली: परवापासून. कुठे दुखते? त्यांनी डोळ्यांच्या मागे बोट नेले, मग सांध्यांवर. पावसाळ्याचे दिवस, आमच्या परिसरात डेंग्यूचे रुग्ण निघत होते. मी शंकेने म्हणाले, "डेंग्यू?" आजी उठून बसल्या. "देंगे?" त्यांनी मान हलविली. तो शब्द आणि तो पट्टेरी डास, दोन्ही त्यांच्या मुलखात जुनेच आहेत. मग त्यांनी उशीखालून गोळ्यांची पट्टी काढून मला दाखविली. त्यावरचे नाव वाचण्यासाठी स्पॅनिश यावी लागत नव्हती: अ‍ॅस्पिरिन. त्या गोळी घेण्याच्याच बेतात होत्या. डेंग्यूत ती गोळी रक्तस्रावाचा धोका वाढविते. ती का घ्यायची नाही, हे समजावून सांगण्याइतके व्याकरण माझ्याजवळ नव्हते. मी पट्टी हातात घेऊन एवढेच म्हणाले, "अ‍ॅस्पिरिन नो. देंगे, सांग्रे." डेंग्यू, रक्त. त्यांना कळले. पट्टी त्यांनी माझ्याच हाती राहू दिली. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे पॅरासिटामॉल दिले, आणि कोमट पाण्याने अंग पुसत बसले. बाई पहाटे तीनला पोहोचल्या. सकाळी आजींना रुग्णालयात नेले. तपासणीत डेंग्यूच निघाला. आठवडाभराने त्या घरी परतल्या.

त्या हिंडूफिरू लागल्यावर मी वही घेऊन वर गेले. "कालेंतुरा म्हणजे काय, ते मला नीट शिकवा," असे बाईंकरवी विचारले. आजींनी सांगितले, आणि त्यांच्या गावाकडचे आणखी चार शब्द दिले. मग त्यांनी माझा शब्द मागितला. मी 'कसर' दिला. 'कसर' हाही अरबीतून आलेला शब्द. तिथे मोडणे, तुकडा, अपूर्णांक असे त्याचे अर्थ आहेत. म्हणजे स्पेनमधील माणूस दशांश बाळगतो आणि बीडमधील माणूस अपूर्णांक. आजींना 'र' स्पष्ट म्हणता येई, त्या दोनदा म्हणाल्या, "कसर, कसर."

त्या रात्रीपासून एक गोष्ट मनात घर करून आहे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता वारल्या. त्यांच्या विषयी बोलताना आपण पहिली शाळा आधी सांगतो आणि प्लेग शेवटी. मला आता ही दोन कामे निराळी वाटत नाहीत. ज्याला कुणी विचारत नाही त्याच्याजवळ जाऊन बसणे आणि त्याच्या तोंडचा शब्द ऐकून घेणे, हे शाळेतही करावे लागते आणि रुग्णाच्या उशाशीही. पालीत मुक्त झालेल्या माणसाला 'सीतिभूत' म्हणतात, म्हणजे शीतल झालेला. तेवढे शीतल होणे माझ्यासारखीच्या आवाक्याबाहेरचे आहे. दुसऱ्याचे अंग निवविणे मात्र मला याच शाळेत शिकविले गेले.

ताई आता निवृत्त झाल्या आहेत. मी वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीसाठी शाळेत येते, तेव्हा आजारी मुलांच्या खोलीतील कपाटात त्यांची ती वही अजून असते. पाने पिवळी पडली आहेत, पण अक्षर स्वच्छ आहे. मागच्या खेपेला मी तिच्यात शेवटचा शब्द लिहिला: 'कालेंतुरा', आणि पुढे अर्थ: 'कसर नव्हे, चांगलाच ताप'. वहीची बरीच पाने कोरी आहेत. आजच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की दिवाळीच्या सुट्टीहून परतताना प्रत्येकाने आपल्या घरी आजाराला जे म्हणतात तो एक शब्द आणावा आणि त्या वहीत लिहावा. आणि वसतिगृहावर जे कुणी नव्याने रुजू होतील, त्यांनी पहिल्या दिवशी ती वही वाचावी. एखादे मूल संध्याकाळी येऊन दारात उभे राहील आणि त्याचा शब्द त्यांना कळेल.